रसमातले टोमॅटो

पणिक्कर सरांचं तोंड आणि पणिक्कर सरांची गच्ची यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, तोवर सगळं ठीक चाललं होतं. तोंड अखंड चालू असे. गच्चीवर पाण्याची टाकी, मोडकी आरामखुर्ची आणि वाळत घातलेल्या मिरच्या यांपलीकडे काही नसे. या दोघांची गाठ पडली ती मे महिन्यातल्या एका रविवारी, तिरुवनंतपुरमच्या त्यांच्या चिमुकल्या कॉलनीत, रहिवासी संघाच्या बैठकीत.

विषय होता ओणमच्या सार्वजनिक जेवणाचा. ओणमला तीन महिने असताना बैठक कशाला, असं कुणी विचारू नये. या कॉलनीत बैठकीला विषय लागत नाही, फक्त वडे लागतात. वडे संपत आले तेव्हा कोशी अच्चायन उठले. हे पणिक्करांचे सख्खे शेजारी; ख्रिस्ती घरातल्या वडीलधाऱ्याला तिकडे अच्चायन म्हणतात. आयुष्यभर मस्कतला काढून परतलेले, पोट पुढे, हसू त्याच्याही पुढे.

"मी म्हणतो, ओणम आपला सण ना?" कोशी म्हणाले. "मग भोपळा तमिळनाडूचा, शेंगा तमिळनाडूच्या, फुलं तमिळनाडूची. ज्या पानावर जेवतो ते केळीचं पानसुद्धा तिकडनं लॉरीत बसून येतं. आपलं काय? आपण फक्त जेवतो!"

सगळे हसले. पणिक्कर सर हसले नाहीत. सर एका छापखान्यातून मुख्य मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झाले होते. दुसऱ्याची चूक काढायची हा त्यांचा पेशा होता, आणि पेन्शन सुरू झाली तरी पेशा काही सुटला नव्हता. शिवाय निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नसे. घरी भाजी कुठली करू हेही नाही. ही गोष्ट त्यांना लागली होती, पण सांगणार कुणाला?

ते उभे राहिले. "कोशी, सगळं तिकडचं, हे विधान चूक आहे. यंदा रसमातले टोमॅटो माझ्या गच्चीवरचे असतील."

हे वाक्य कुठून आलं ते सरांनाही कळलं नाही. ते भेंडी म्हणाले असते तर निभावलं असतं. या गावात भेंडी जिन्यावरही उगवते. पण टोमॅटो! ऐन पावसाळ्यात! या तांबड्या, आंबट मातीत टोमॅटोचं रोप लावलं की ते चार पानं काढतं, आजूबाजूला बघतं आणि मान टाकतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"पैज?" कोशींचे डोळे चकाकले. "टोमॅटो आले तर भर पंगतीत उभा राहून मी म्हणेन, सर, हरलो. आणि नाही आले तर तुम्ही उभं राहायचं आणि म्हणायचं, पणिक्कर बोलतो ते छापण्याच्या लायकीचं नसतं. कबूल?"

संघाच्या अध्यक्षा अंबिका टीचर यांनी ते लगेच इतिवृत्तात घातलं. मागच्या रांगेत सरांच्या पत्नी तंकमणी बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"अहो, साधं अळूचं रोप तरी कधी लावलंत का?" घरी येता येता तंकमणी म्हणाल्या.

"शास्त्र वाचलं की येतं सगळं."

"मग शास्त्रालाच घाला रसमात."

शास्त्र वाचायला सर कृषी कार्यालयात गेले. तिथे शहाना नावाची तरुण अधिकारी होती. सरांनी नेलेली मातीची पुडी तिने बोटांनी चोळली, नाकाशी नेली आणि दयेने त्यांच्याकडे पाहिलं.

"सर, ही माती नाही. ही वीट आहे, भाजायची राहिलेली."

"मग?"

"हिला खायला घाला. चुना द्या, स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून द्या. आणि माशाचं टॉनिक करा. तारल्या आणि गूळ सारख्या वजनाने घ्यायच्या, लहानशा भांड्यात घालून झाकून सावलीत ठेवायच्या. मुरलं की चमचाभर पाण्यात ढवळून झाडाला. झाकण मात्र..."

झाकणाचं वाक्य पुरं व्हायच्या आत सर उठले होते. झाकण म्हणजे झाकण, त्यात काय ऐकायचं! मुद्रितशोधकाने ओळ शेवटपर्यंत वाचली नाही, अशी त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

आता ओला कचरा. दोन माणसांच्या घरात कचरा तो किती निघणार? सरांनी फाटकावर पाटी लावली: "आपल्या घरचा ओला कचरा येथे कृतज्ञतेने स्वीकारला जाईल." कॉलनीत गेली कित्येक वर्षं सरांच्या आवाहनाला असा प्रतिसाद मिळाला नव्हता. पहिल्या दिवशी केळ्याची सालं आली, दूध काढलेल्या खोबऱ्याचा चोथा आला. दुसऱ्या दिवशी एक उशी आली. मग तुटकी बादली, विझलेले दिवे, कुणाच्या तरी सासऱ्यांची कवळी. अंबिका टीचर जुन्या उत्तरपत्रिकांचं पोतं घेऊन आल्या.

"टीचर, हा ओला कचरा नाही," सर म्हणाले.

"आत काय लिहिलंय ते वाचा, सर. यापेक्षा कुजलेलं तुम्हाला कुठे मिळणार नाही."

नाही म्हणवेना. ज्या माणसाला वर्षानुवर्षं कुणी काही दिलं नाही, त्याला कवळीसुद्धा परत करवत नाही. तीन मोठी मडकी गच्चीवर गेली, त्यात सालं, चोथा आणि शेण यांचे थर लागले. उरलेल्या वस्तू सरांच्या अभ्यासिकेत गेल्या, आणि अभ्यासिकेतले सर ओसरीवर आले.

तारल्यांचं मात्र सोपं होतं. सकाळी सायकलवर मासे घेऊन येणारी मेरी सरांना मासळीची डोकी, आतडी, शेपट्या फुकट देऊ लागली, वर चार अख्ख्या तारल्याही. शहानाने सांगितलं होतं लहानसं भांडं. पण फुकट मिळतंय म्हटल्यावर मध्यमवर्गीय माणूस लहान भांड्यावर थांबत नाही. सरांनी माळ्यावरून बरणी काढली.

ही बरणी म्हणजे तंकमणींचं माहेर. चिनीमातीची, वर पिवळट, खाली तपकिरी, कमरेएवढी. त्यांच्या आईने तलश्शेरीहून मुलीबरोबर धाडलेली. दर उन्हाळ्यात तिच्यात कोवळ्या कैऱ्यांचं लोणचं पडायचं. त्या प्रांतात लोणच्याच्या बरणीचं तोंड कसं बांधतात हे सांगायला हवं. आधी धुतलेलं कापड, मग केळीचं पान, मग पुन्हा कापड, वर मेणाचा जाड थर आणि सुंभाचे आवळून वेढे. आत हवा गेली तर लोणचं गेलं, हे तिथलं बाळ घुटीबरोबर शिकतं. सरही शिकले होते. त्यांनी तारल्या आणि गूळ बरणीत घातला आणि तिचं तोंड अगदी शास्त्रोक्त बांधलं, सासूबाई बघत असत्या तर त्यांनी पाठ थोपटली असती. आणि बरणी नेऊन ठेवली गच्चीच्या कठड्याशी, कोशींच्या बाजूला, कारण तिकडे सावली होती.

तंकमणींना त्यांनी सांगितलं नाही. बरणी माळ्यावरच आहे, असा त्या माउलीचा समज.

लोणचं मुरताना गप्प बसतं. तारली आणि गूळ गप्प बसत नाहीत. ती आत उकळतात, फुगतात, बाहेर यायला वाट मागतात. आणि वाटेवर होतं मेण.

तो शनिवार होता. कोशींच्या अंगणात मांडव घातला होता, नव्या गाडीला आशीर्वाद द्यायला चर्चचे अच्चन, म्हणजे पाद्री, आले होते. पांढरीशुभ्र गाडी, पांढरेशुभ्र अच्चन, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले पाहुणे. अच्चनांनी हात वर करून "प्रभू, यांच्यावर कृपेचा वर्षाव कर" असं म्हटलं, आणि वर धाड्‌कन आवाज झाला.

वर्षाव झाला.

त्यात काय काय होतं याचं वर्णन इथे करत नाही, कारण वाचक जेवून बसला असण्याची शक्यता आहे. गाडीच्या टपावर एक डोकं पडलं आणि तोंड उघडं ठेवून आकाशाकडे बघत राहिलं. अच्चन शांतपणे म्हणाले, "प्रार्थना लवकर पोचली म्हणायची," आणि नळाकडे गेले. पण खरा अनर्थ पुढचा. तो वास! असा वास त्या कॉलनीने पाहिला नव्हता. 'पाहिला' हाच शब्द बरोबर आहे. तो डोळ्यांना दिसत होता. पंचक्रोशीतली मांजरं कुंपणावर ओळीने येऊन बसली, जणू त्यांचीही बैठक होती.

तंकमणी गच्चीवर आल्या तेव्हा सर बरणीचे तुकडे गोळा करत होते. आरडाओरडा होईल म्हणून त्यांनी मान आधीच खाली घातली होती. पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी एक पिवळट तुकडा उचलला, पदराने पुसला आणि तो घेऊन खाली गेल्या. आयुष्यभर सरांनी हजारो चुका खोडून नीट केल्या होत्या. ही एक खोडता येणार नव्हती. त्या दिवसापासून घरात "जेवायला या" आणि "दूध आलंय" याखेरीज तिसरं वाक्य ऐकू येईनासं झालं.

इकडे अंबिका टीचरना भलताच संशय आला. गल्लीच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहत. त्यांचं काही बरंवाईट झालं असावं, अशा काळजीने टीचरनी पालिकेला फोन केला. आरोग्य निरीक्षक तोंडाला रुमाल बांधून आले. ते म्हातारे गृहस्थ स्वतःच दार उघडून बाहेर आले आणि म्हणाले, "मी नाही, अजून अवकाश आहे. वर पणिक्करांकडे बघा."

निरीक्षकांनी गच्ची पाहिली आणि वही काढली. "हे काय आहे?"

"खत," सर म्हणाले.

"खत म्हटलंत तर शेतीखात्याचा परवाना लागतो. खाद्यपदार्थ म्हटलंत तर अन्नखात्याचा. मृत जनावर म्हटलंत तर ते आमच्याकडे येतं, पण मग चोवीस तासांत पुरायला हवं होतं."

"अहो, पुरणारच आहे. टोमॅटोखाली."

"तसा रकाना नाही."

सर आणि निरीक्षक बराच वेळ त्या नसलेल्या रकान्यावर बोलत राहिले. शेवटी निरीक्षकांनी ताकीद लिहिली. सरांनी ती तिथल्या तिथे वाचून लाल पेनाने तीन चुका काढून परत केली. अशा वेळी अशा माणसाचं काय करावं हे कुठल्याच खात्याच्या नियमात नसावं. निरीक्षक जिन्यापर्यंत गेले, थबकले, मागे वळले आणि आवाज खाली करून म्हणाले, "बरणीच्या बुडाशी थोडं शिल्लक दिसतंय. आमच्या घरी मिरचीची रोपं आहेत. बाटलीभर द्याल का?"

त्या बुडाशी उरलेल्या रसावरच पुढचा सगळा डोलारा उभा राहिला. सरांनी मडक्यांतलं काळंभोर खत पिशव्यांत भरलं, रोपं लावली, वर प्लास्टिकचं छप्पर घातलं आणि चमचा चमचा टॉनिक पाण्यातून दिलं. रोपं अशी काही उसळली की विचारू नका. पानं, पानं आणि पानं! एकेक पान जेवायला घेता आलं असतं. फळाचं मात्र नाव नाही. सर रोज पावसात छत्री धरून त्या जंगलात फूल शोधत फिरत.

शेजारधर्म अशा वेळी धावून येतो. कुणी म्हणालं, झाडाला उपाशी ठेवा. कुणी म्हणालं, फार लाड झालेत, चार शब्द सुनवा. अंबिका टीचर म्हणाल्या, "नजर लागलीय, सर. दुसरं काही नाही. बुजगावणं उभं करा." घर बांधताना लोकांची नजर लागू नये म्हणून बांबूवर कपडे चढवून माणूस उभा करायची तिथली रीत आहेच. सरांनी बांबूला स्वतःचा जुना कचेरीचा शर्ट घातला, मडक्याचं डोकं केलं, त्यावर आपला जुना चष्मा लावला. ते अगदी हुबेहूब पणिक्कर झालं.

दुसऱ्या दिवसापासून कोशी सकाळी गच्चीवर येऊन बुजगावण्याला हात जोडत. "सुप्रभात, सर! आज प्रकृती छान दिसतेय. आणि काय शांत झालात हो!"

सर टाकीमागे उभं राहून हे ऐकत. बोलायला जावं तर बुजगावण्याचा मान कमी होतो, न बोलावं तर आपला.

जुलैत मुसळधार पाऊस झाला आणि एकेक रोप मान टाकू लागलं. सकाळी हिरवंगार, दुपारी कोमेजलेलं, संध्याकाळी गेलेलं. रोगच तसा आहे, उपाय नाही, शहाना म्हणाली. तिने पिशवीवर हात ठेवून "सॉरी सर" म्हटलं, तेव्हा सरांना गलबलून आलं. ते ओसरीवर येऊन बसले. ओणमच्या पंगतीत आपण उभे आहोत, समोर अख्खी कॉलनी हसतेय आणि आपण म्हणतोय, पणिक्कर बोलतो ते छापण्याच्या लायकीचं नसतं, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. गंमत म्हणून हसतील लोक, हे त्यांना कळत होतं. पण लोक हसून घरी जातील आणि वाक्य आपल्यापाशी राहील, हेही कळत होतं.

"अहो," तंकमणी दारात उभ्या होत्या. किती दिवसांनी तिसरं वाक्य आलं! "टाकीमागचं रोप बघितलंत का? त्याला फळं धरलीत."

खरंच धरली होती. टाकीच्या आडोशाला, पावसाच्या माऱ्यापासून दूर राहिलेल्या एका रोपावर सुपारीएवढे हिरवे गोळे लोंबत होते. सर लहान मुलासारखे उकिडवे बसले आणि बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाहिलं तर प्रत्येक टोमॅटोला जुन्या मुंडूच्या, म्हणजे तिकडच्या पांढऱ्या लुंगीच्या, कापडाचं पांढरं टोपडं घातलेलं होतं, पाखरं, मांजरं, खारी यांच्यापासून राखायला. तंकमणींनी ती बसून शिवली होती.

"तू का केलंस हे?" सरांनी विचारलं.

"माझी बरणी गेलीय त्यात," त्या म्हणाल्या. "फुकट जाऊ देणार नाही."

ओणम दोन दिवसांवर आला आणि टोपड्यांतून लाल रंग दिसू लागला. पिशवीभर टोमॅटो! आता पैज जिंकली, असं सरांना वाटलं, आणि तिथेच कोशींनी बैठकीत खुंटी पुन्हा पिळली.

"मला काही अडचण नाही," कोशी म्हणाले. "मी तर रसमात मासाच घाला म्हणेन. पण तुमचं ओणमचं जेवण शाकाहारी ना? मग तारली खाऊन वाढलेला टोमॅटो शाकाहारी कसा?"

बैठक एकदम गंभीर झाली. इतकी गंभीर की वड्यांची परात तशीच राहिली. एक जण म्हणाला, शेणावर वाढलेलं चालतं ना, मग हे का नको? दुसरा म्हणाला, शेण गाईचं, गाय शाकाहारी. तिसऱ्याने विचारलं, तारली काय खाते? ती शेवाळ खात असेल तर प्रश्न मिटला. यावर तारलीच्या आहाराबद्दल माहिती असलेले दोघे निघाले आणि दोघांचं पटलं नाही.

तेव्हा तंकमणी उठल्या. संघाच्या बैठकीत त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. "आमच्या तलश्शेरीला ओणमच्या पानावर मासा नसला तर पाहुणे रागावून उठतात. तिथले लोक काय हिंदू नाहीत? इथे तर नुसता मासा ऐकून आलेला टोमॅटो आहे. मतदान घ्या आणि वडे खा."

मतदान झालं. टोमॅटो थोडक्या मतांनी शाकाहारी ठरला.

ओणमच्या जेवणाचे ब्राह्मण आचारी केशवन पोट्टी कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होते. ते काही बोलले नाहीत. ओणमच्या आदल्या संध्याकाळी सरांनी पिशवी त्यांच्या हाती दिली तेव्हाही "ठेवा तिथे" एवढंच म्हणाले.

ओणमच्या दुपारी मांडवात पानं मांडली गेली. मीठ, लोणचं, पच्चडी, अवियल, सांबार सगळं रीतसर आलं. आणि मग रसम. वाढपी पुढे सरकले तसे लोकांनी भातावर आळी केली, काहींनी ओंजळ पुढे धरली.

पहिला घोट घेतला अंबिका टीचरनी. त्या थांबल्या. "अय्यो! हे काय आहे!"

सरांनी हातातला घास पानावर परत ठेवला.

"याला म्हणतात चव! रोजचा लॉरीतला टोमॅटो कुठे आणि हा कुठे!"

मग पंगतभर तेच. कुणाला मातीचा सुगंध आला, कुणाला लहानपण आठवलं. म्हातारे गृहस्थ म्हणाले, "यासाठी मी इतके दिवस थांबलो बघा." कोशींनी तीनदा ओंजळ पुढे केली. तिसऱ्यांदा मिशा पुसल्या आणि उभे राहिले.

"सर," कोशी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "हरलो. आयुष्यात असं रसम प्यालो नाही. तुम्ही बोलता ते छापायलाच हवं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पोट्टींचे आभार मानावेत म्हणून सर पान तसंच ठेवून मांडवामागे चुलींकडे गेले. आणि तिथे खुंटीला लटकत होती त्यांची पिशवी, दिली तशीच, भरलेली.

"पोट्टी, हे काय?"

पोट्टी पापड तळत होते. "माफ करा, सर. मला नाही हात लावता आला. बाजारातले आणवले."

"अहो पण मतदान झालं होतं! आणि बाजारातले तरी काय खाऊन वाढलेत, कुणाला ठाऊक?"

"तेच तर. ठाऊक नाही ते चालतं, सर. ठाऊक झालेलं चालत नाही."

सर पिशवी घेऊन उभे राहिले. मांडवातून त्यांच्या नावाचा गजर ऐकू येत होता. क्षणभर त्यांना वाटलं, गप्प बसावं. पैज जिंकलीच आहे. कोण येतंय खुंटी बघायला! पण जिच्यासाठी मेण, बरणी, निरीक्षक, बुजगावणं सगळं सोसलं, ती शाबासकी लॉरीतल्या टोमॅटोच्या पदरात गेली होती, आणि दुसऱ्याची शाबासकी खिशात घालून घरी जाणं त्यांना जमणारं नव्हतं. ते तडक मांडवात आले.

"मंडळी, ऐका. रसमातले टोमॅटो माझे नव्हते."

अंबिका टीचरच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऐकलंत? म्हणतात, माझे नव्हते. धरणीमातेचे होते, असंच ना सर? केवढा हा विनय!"

"टीचर, धरणीमातेचे नाही, तमिळनाडूचे!"

मांडव हसून हसून आडवा झाला. पणिक्कर सर विनोदही करतात, हे कॉलनीला नव्यानेच कळत होतं. गडबडीत कुणीतरी ठराव मांडला की पुढच्या वर्षी सांबारचा भोपळासुद्धा सरांच्याच गच्चीवरचा घ्यावा. तो एकमताने पास झाला.

"थांबा!" सरांनी पिशवीतून एक टोमॅटो काढला आणि कोशींच्या हातात ठेवला. "हा माझा आहे. खा. तुमची जीभ सांगेल."

कोशींनी टोमॅटो उन्हात फिरवून पाहिला, चावा घेतला, डोळे मिटून चघळला. कोशींनी डोळे उघडले आणि सरांच्या खांद्यावर प्रेमाने थाप मारली.

"सर, माझी परीक्षा घेता होय? आंबटढाण आहे. साल जाड. हा लॉरीतला. रसमातला ओळखतो मी, तो झोपेतही ओळखेन!"

पुन्हा टाळ्या. आता त्या कोशींच्या जिभेला होत्या.

सर तसेच उभे राहिले. रडावं की हसावं हे त्यांना ठरवता येईना. सगळ्या कॉलनीने त्यांचे टोमॅटो वाखाणले होते आणि एकाही माणसाने ते खाल्ले नव्हते. ज्याने एक खाल्ला त्याने तोही लॉरीत बसवला. तंकमणी पान सोडून उठल्या. त्यांनी नवऱ्याचा हात धरून त्याला मांडवाच्या मागे, आंब्याखाली नेलं, पिशवीतून एक टोमॅटो काढला, अंगावरच्या जरीकाठी मुंडूला पुसला आणि चावला. रस हनुवटीवरून ओघळला.

"कसा आहे?" सरांनी विचारलं. पैज लावताना त्यांचा आवाज एवढा कापला नव्हता.

तंकमणी बराच वेळ चावत राहिल्या.

"आंबट आहे," त्या म्हणाल्या. "खूप आंबट आहे."

आणि पिशवीत हात घालून त्यांनी दुसरा काढला. मांडवात पायसमची हाक झाली, कुणीतरी सरांना बोलवायला आलं, पण तंकमणी तिसरा टोमॅटो पुसत होत्या. सरांना आता आपण जिंकलो असं वाटलं, आणि ते हलले नाहीत.